मागच्या डाव्या चाकाचा नाडा

महामार्गावर बंद पडलेली ती पिवळी स्पोर्ट्स कार डोणगावजवळून मेहकरला पोचवायची होती. मालक दुसऱ्या गाडीने पुढे निघून गेला होता. माझ्याकडे पिकअप आणि तिच्यामागे ओढायचा सपाट ट्रेलर होता. रोटाव्हेटर, मळणीयंत्र असलं जड सामान मी वर्षानुवर्षं त्यावर वाहिलं होतं. अशी गाडी मात्र कधीच नाही. म्हणून मी आमच्या गावात गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचाचांना सोबत घेतलं.

गाडीचं पोट रस्त्यापासून जेमतेम अर्धी वीत वर. चढाव कमी व्हावा म्हणून आम्ही ट्रेलरला टेकवलेल्या फळ्यांखाली मातीची पोती रचली. चाचा आत स्टेअरिंगवर बसले आणि मी ट्रेलरच्या पुढच्या टोकावरच्या, तार गुंडाळायच्या चरखीने गाडी हळूहळू वर ओढली. वर आल्यावर लक्षात आलं की ट्रेलरच्या चाकांवरची मडगार्डं बरोबर दोन्ही दारांच्या आड येताहेत. एकही दार तीन बोटंसुद्धा उघडेना. बॅटरी मेलेली, त्यामुळे काच होती तिथेच अडकली. वरून चार बोटांची फट तेवढी उघडी होती.

"असू दे बे," चाचा फटीतून म्हणाले. "मी बसतो आतच. कडब्यावर बसतोच ना एखादा माणूस."

आमच्याकडे कडबा भरला की भारावर एक माणूस बसतो आणि नाड्यावर, म्हणजे भार आवळायच्या जाड दोरावर, लक्ष ठेवतो. त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

गाडी ट्रेलरला आवळायला प्रत्येक चाकाला एक, असे चार खटक्याचे पट्टे लागत होते. माझ्याजवळ तीनच होते. चौथ्याने मी उन्हाळ्यातल्या वादळात घरावरची पाण्याची टाकी बांधली होती आणि तो तिथेच राहिला होता. हे सांगितलं असतं तर चाचांनी गाडी हलू दिली नसती आणि काम हातचं गेलं असतं. मी मागच्या डाव्या बाजूला नाडा घेतला, कारखालच्या लोखंडात अडकवला आणि कडबा आवळतो तसा पाय देऊन आवळला.

"झाले का बे चारी पट्टे?"

"हाव चाचा. झाले."

"दोन-तीन किलोमीटरवर थांब. पुन्हा आवळा लागते."

मी थांबलो नाही. थांबून पुन्हा आवळताना त्यांनी आरशात पाहिलं असतं, तर नाडा नजरेला पडला असता.

कडबा दाबला की बसतो आणि बसलेलाच राहतो. गाडीला स्प्रिंगा असतात. ती प्रत्येक खड्ड्यात दबते, उठते, आणि दर वेळी दोर थोडा सैल होतो. हे मला पुढे एका उतारावर कळलं. समोर एसटी थांबली म्हणून मी ब्रेक दाबला आणि मागे धप्प आवाज झाला. उजव्या आरशात कारचं पिवळं नाक एकदम बाहेर आलेलं दिसलं. ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागला आणि पिकअपचं मागचं अंग त्याच्याबरोबर ओढलं जाऊ लागलं. जोरात ब्रेक मारला तर सगळं उलटणार, हे कळत होतं. ब्रेकवरचा पाय उचलायची मात्र छाती होत नव्हती. शेवटी उचलला. एसटीच्या बाजूने कसाबसा निघालो आणि बऱ्याच पुढे कडेला थांबलो.

मागे गेलो. चाचा घामाने निथळत होते. "या गाडीचा ब्रेक दगडासारखा झाला बे. इंजिन बंद असलं की दाबलाच जात नाही." मग जरा दम घेऊन म्हणाले, "गाडी तिरपी झाली. मागचा उजवा पट्टा सोड. सरळ होईन, मग दार उघडते का पाहू. डावा हाय ना धरून?"

मी उजव्या पट्ट्याच्या खटक्यावर हात ठेवला. डावीकडे नाडा मोकळा लोंबत होता. कार जागेवर होती ती या एका पट्ट्यावर, आणि खाली उतार.

"काऊन थांबला बे? सोड ना."

"चाचा, डाव्याले पट्टा नाही. नाडा बांधला होता. तो सुटला."

त्यांनी मान वळवून मागच्या काचेतून डावीकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देतील.

"हात काढ तिथून," ते हळूच म्हणाले. "आधी चाकांले दगडं लाव."

ते सांगत गेले आणि मी करत गेलो. दगड लावले. पुढचा एक पट्टा सोडून मागच्या डाव्या चाकाला लावला, कारण उतारावर जोर मागच्या पट्ट्यांवर असतो. मग मडगार्डचे नट खोलले. नट जाम झाले होते आणि पाना माझ्या हातातून दोनदा पडला. दार उघडलं तेव्हा चाचा पाय बाहेर टाकून तसेच बसून राहिले. मी हात पुढे केला. त्यांनी दाराला धरून उठणं पसंत केलं.

पुढचा रस्ता चाचा पिकअपमध्ये न बसता पायी चालले. मी मागून माणसाच्या चालीने पिकअप नेत राहिलो. ती रिकामी कारसुद्धा मला भीती घालत होती.

दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. चौथा पट्टा नव्हताच, मी खोटं बोललो, हे चाचींसमोर सांगून टाकायचं ठरवलं होतं. चाचींनी खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "हे सांगत होते, तुम्ही गाडी सांभाळली म्हणून हे वाचले. अल्लाह तुम्हाले सलामत ठेवो."

मी चाचांकडे पाहिलं. ते अंगणात कार्बोरेटर पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

चाचींनी चहा आणला. मी तो पूर्ण प्यालो आणि नाड्याचं न सांगताच घरी आलो.