दिनकररावांची दाद

दिनकररावांचं ‘वा’ एका दमात येत नाही. आधी भुवया वर जातात. मग डावा हात मांडीवरून उठतो, हवेत थोडा रेंगाळतो, आणि मग नाकात सुरू होऊन छातीत उतरणारं ते बाहेर पडतं: ‘वाऽऽह’. हॉलंडमधल्या लायडस्खेनडामच्या मराठी मंडळातली पोरं ते हुबेहूब करून दाखवतात, हातासकट. गणपतीत कुणाच्या मुलीनं अभंगाचा चुराडा केला तरी वा, ऑफिसात कुणाचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला तरी वा, आणि बाजारात तुर्की भाजीवाल्यानं कलिंगड कापून दाखवलं तरी वा. माणूस सांगलीचा. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून संगीत नाटकं पाहिलेला. पद आवडलं की वडील ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडायचे आणि नट घाम पुसत ते पुन्हा गायचा. दाद मिळाली नाही तर गाणारा उपाशी घरी जातो, अशी दिनकररावांची पक्की समजूत.

सुचित्राताईंना हे लग्नाआधीपासून ठाऊक होतं. सांगलीत ते गोडही वाटायचं. पण इथं येऊन त्या डच शिकल्या, लायब्ररीत नोकरीला लागल्या, इथल्या बायकांसारखं श्वास आत ओढत ‘याऽ’, म्हणजे ‘हो’, म्हणायला लागल्या. फोनवर त्यांना कुणी परकं समजत नसे. नवऱ्याबरोबर चारचौघांत गेलं की मात्र त्यांचे खांदे आपोआप कानांकडे सरकायचे.

लग्नाच्या वाढदिवसाला दिनकररावांनी हेगमधल्या एका छोट्या थिएटरची तिकिटं काढली. कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतल्या काउबॉय लोकांची गाणी. उशिरा काढल्यामुळे शेजारच्या खुर्च्या मिळाल्या नाहीत, एक पुढे आणि एक तिरकी मागे. त्यात काय एवढं, मी वळून बघेन की, असं ते म्हणाले.

आधी जेवण, तेही साडेपाचला, म्हणजे आपल्या चहाच्या वेळेला. इथला वेटर जेवताना मध्येच येऊन चव बरी आहे ना विचारतो, आणि आपण ‘छान’ म्हणून त्याला मोकळं करायचं असतं. दिनकररावांनी भोपळ्याच्या सुपासाठी हात हवेत नेला, ‘वाऽऽह’ केलं आणि स्वयंपाक्याला बाहेर बोलवायची गळ घातली. वेटर हसत हसत मागे सरकत गेला.

“अहो, तिथं आत असलं काही करू नका हं,” सुचित्राताई म्हणाल्या.

“असलं म्हणजे?”

“हेच. वा वगैरे.”

“आणि आवडलं तर?”

“आवडलं तर शेवटी टाळ्या वाजवतात.”

दिनकररावांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. मनापासूनच हलवली असावी.

थिएटरात निम्म्या डोक्यांवर काउबॉय हॅट आणि पायांत टोकदार बूट. घोडे नव्हते, सायकली बाहेर कुलपात होत्या. आणि हे सगळे काउबॉय परीक्षेला बसल्यासारखे चिडीचूप. सुचित्राताईंच्या शेजारी लाल चष्म्याची एक वयस्क बाई होती. तिनं त्यांच्या डच बोलण्याचं कौतुक केलं, पुस्तकांची चौकशी केली. ताईंचे खांदे खाली आले.

पांढऱ्या पोनीटेलचा गायक गाऊ लागला. त्याच्या मागे एकजण आडवी ठेवलेली स्टील गिटार वाजवत होता. तिचा सूर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारेना, घसरत घसरत गेला, थेट मींड. पुढच्या रांगेत डावा हात हवेत उठला.

“वाऽऽह. क्या बात है.”

हॅटी वळल्या. गाणं संपताना गायकानं शेवटचा सूर हलकेच विझत नेला होता, सगळं सभागृह श्वास धरून होतं, आणि त्या शांततेत दिनकररावांनी वडिलांच्या आवाजात ‘वन्स मोअर’ दिलं. कुणीतरी ‘शूऽ’ केलं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

लाल चष्मा ताईंच्या कानाशी आला. “हे गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का?”

“नाही,” सुचित्राताई म्हणाल्या. डचमध्ये, उच्चारात जराही चूक न करता.

दिनकररावांना ते ऐकू गेलं नव्हतं. ‘वा’ म्हणायचं नाही हे त्यांना आता आठवलं होतं, म्हणून चांगली जागा आली की ते नुसते वळून बायकोकडे बघत. भुवया वर, ऐकलंस ना? ताई स्टेजकडे बघत राहिल्या. ते पुन्हा वळले. पुन्हा.

मध्यंतरात दिवे लागले तशी लाल चष्म्याची बाई उठली आणि सरळ त्यांच्या खुर्चीपाशी गेली. इथं कुणी आडून बोलत नाही.

“तुम्ही या बाईंकडे सारखे वळून बघताय. त्यांना त्याचा त्रास होतोय. कृपा करून थांबवा.”

दिनकररावांनी सुचित्राताईंकडे पाहिलं. ‘हा माझा नवरा,’ एवढंच ताईंनी म्हणायचं होतं. चार महिने डचच्या वर्गात बसलेल्या माणसालाही जड नव्हतं ते वाक्य, पहिल्याच धड्यातलं होतं. ताई हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिल्या.

“सॉरी, मॅडम,” दिनकरराव त्या बाईला म्हणाले. मग बायकोकडे बघून, अगदी त्याच आवाजात, “सॉरी, मॅडम.”

उत्तरार्धात ते एकदाही वळले नाहीत. स्टील गिटार पुन्हा घसरली, तेव्हा ताईंनी पुढच्या रांगेत पाहिलं. डावा हात मांडीखाली दाबलेला होता. त्यानंतरचं एकही गाणं ताईंच्या कानात शिरलं नाही.

ट्रामच्या थांब्यावर ते पार टोकाला जाऊन उभे राहिले. ताई जवळ जायला लागल्या तसे रस्त्याकडे बघतच पुटपुटले, “ती बाई जाऊ दे आधी.”

ती बाई त्यांच्याच ट्रामला निघाली. आत ताईंच्या शेजारी बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून, राखण करावी तशी. दिनकरराव पुढच्या दाराशी पाठमोरे. एरवी घरी जाताना ते ऐकलेलं सगळं गुणगुणत जायचे आणि ताई त्यांना कोपरानं ढोसायच्या. आज ढोसायला काही नव्हतं.

त्यांचा थांबा आला. दिनकररावांनी दाराचं बटण दाबलं. ताई उठल्या तशी बाईनं त्यांचा दंड धरला.

“थांबा. तो माणूसही इथंच उतरतोय.”

“हो,” सुचित्राताई म्हणाल्या. “ते माझे मिस्टर आहेत.”

बाईनं श्वास आत ओढला, पण त्यातून ‘याऽ’ काही निघालं नाही. दंडावरचा हात तेवढा निघाला.

ट्राम गेली. खाली दिनकरराव कोटाच्या खिशात हात घालून थांबले होते.

“काय म्हणत होती?”

“जपून जा म्हणाली.”

“वा,” दिनकरराव म्हणाले. भुवया नाहीत, हात नाही, नुसतं वा. “भली बाई आहे.”

आणि ते घराकडे चालू लागले, सवयीनं ताईंना रस्त्याच्या आतल्या बाजूला घेऊन.