लाकडी घोड्याचं माप

जीनवाल्या मामांच्या हाताला चामड्याचा वास होता आणि जिभेला धार. तबेल्यामागच्या खोलीत त्यांनी तीस वर्षं जिनं शिवली. खोलीच्या मधोमध त्यांनी स्वतः घडवलेला लाकडी घोडा उभा असे. नवं जीन असो की जुन्यात लोकर भरायची असो, माप त्याच्याच पाठीवर. जिवंत घोड्यावर जीन कसं बसलंय, ते बघायला मामा कधी गेले नाहीत. म्हणायचे, "मी कशाला जाऊ? तक्रार असेल तर घोड्यानं यावं."

एका सकाळी घोडी खरंच आली. तिला घेऊन आली होती मामांची भाची. ती तिथंच घोड्यावर बसायला शिकवायची.

"मामा, पोटाखालचा तंग आवळला की ही चावायला धावते. उडी तर घेतच नाही."

"नखरे. तुझ्या आईचा वारा लागलाय हिला."

"सांगू का आईला? पाठ बघा हिची आधी."

मामांनी कुरकुरत जीन उतरवलं आणि वाकून पाहिलं. घोडीची पाठ घामानं निथळत होती. फक्त खांद्यामागे, कण्याच्या दोन्ही अंगांना, तळहाताएवढे दोन डाग कोरडे ठणठणीत. जीन रुततं तिथं घाम फुटत नाही, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. त्यांनी अंगठा कण्याच्या कडेनं सावकाश फिरवला. कोरड्या जागी तो टेकला मात्र, घोडीची पाठ खचली, कान मागे चिकटले. दुसऱ्या अंगालाही तेच.

"हिच्यावर कोणी बसायचं नाही. डॉक्टरांना बोलव," मामा हळूच म्हणाले.

"बोलवते. तोवर करडा घोडा घेते, शिकणारी मंडळी खोळंबलीत." ती निघून गेली.

मामांनी तेच जीन लाकडी घोड्यावर ठेवलं. तिळभर फट नाही. बसणारच. ज्या घोड्याच्या मापानं तो घडवला होता, तो अंगानं सडपातळ होता, आणि त्याला मरून वीस वर्षं झाली होती. आताची जनावरं चांगली रुंद पाठीची.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. अकरा खुंट्या, सगळ्या रिकाम्या. एक जीन इथं, बाकीची घोड्यांच्या पाठीवर. अकराही जिनं याच मापाची.

आणि मग त्यांना काळा घोडा आठवला. गेल्या वर्षी त्यानं पाठीची कमान करून भाचीला फेकलं, तिचा खांदा मोडला. "जिनात खोट नाही, जनावरातच आहे," मामाच म्हणाले होते. त्यांच्या शब्दावर काळ्याला हाकलून दिलं. त्याचं जीन आता करड्यावर होतं.

मामा अनवाणी धावले. मैदानात भाची करड्यावर बसली होती. वाकून तंग आणखी एक भोक आवळत होती.

"उतर! जीन चुकलंय! माझं जीन चुकलंय!"

तीस वर्षांत हे कोणी ऐकलं नव्हतं. भाचीचा हात थबकला. ती हसून मामांकडे वळली. थट्टाच वाटली तिला.

करड्याचे कान मागे गेले होते. जिनाखाली त्याची पाठ हळूहळू वर येत होती.