काकांचा तांब्या आणि सहाव्या मजल्यावरची गच्ची

माझ्या घरमालक काकांच्या आधी कुठल्याही ठिकाणी कुणी पोचलं आहे, असं आजवर घडलेलं नाही. लग्न उद्या असलं तर काका आज मांडवात असतात. दवाखान्यात सोमवारी जायचं असलं तर शनिवारी ते दवाखान्याच्या फाटकाशी उभे राहून वॉचमनच्या डब्यात काय आहे ते बघत असतात. देवानं त्यांना वर बोलावलं तर तिथेही ते आधी एक चक्कर टाकून येतील आणि मग 'येतो' किंवा 'येत नाही' ते कळवतील, याबद्दल मला शंका नाही. या कामी त्यांच्यासोबत कापडी पिशवीतला एक पितळी तांब्या असतो. त्या तांब्यावर माझ्या आयुष्याची गाडी कशी वळली ते सांगायला मी बसलो आहे. मी आठवी अर्ध्यात सोडलेला माणूस आहे, तेव्हा मांडणी मागेपुढे झाली तर सांभाळून घ्या.

मी मूळचा गुहागरकडचा, फरशी बसवणारा. एका ठेकेदाराबरोबर यवतमाळला आलो तेव्हा भाषा मराठीच असूनही मला निम्मी कळत नव्हती. खोली शोधत काकांच्या दारात उभा राहिलो. अंगात घाम, हातात ट्रंक. काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "शाळा कितवी?" मी म्हटलं, "आठवी." "पास का नापास?" मी खाली बघून म्हणालो, "परीक्षेला बसलोच नाही." काका म्हणाले, "मंग नापास कसा होशीन बे! आन सामान आत." शाळा सोडल्यापासून माझ्या शिक्षणाबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांचा 'कोकण्या' झालो.

काका उमरखेडकडच्या एका तांड्यावरचे. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडत. सगळा तांडा मुक्कामाला पोचायच्या आधी एक माणूस तांब्या घेऊन पुढे जाई आणि तीन गोष्टी पाहून येई: पाणी, चारा, वाट. काकांचे पणजोबा हा पुढे जाणारा माणूस होते, असं काका सांगतात. त्या पणजोबांची एक रीत होती. मुक्कामाच्या जागी उभं राहून तांब्याभर पाणी ओतायचं. पाणी आपल्या पायांपासून लांब गेलं तर तळ ठोकायचा, पायांकडे आलं तर जागा सोडायची. बैल गेले, मीठ गेलं, तांडा शेतीला लागला, पण काकांचं ओतणं काही थांबलं नाही. पुतणीच्या लग्नात त्यांनी आदल्या दिवशी मांडवात पाणी ओतून सांगितलं की पंगत इथे बसवू नका. कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी हात धुण्याचं पाणी थेट व्याह्यांच्या ताटाखालून वाहत गेलं. काकीच्या मोतीबिंदूच्या वेळी तीन दवाखाने पालथे घालून त्यांनी एक निवडला. कारण विचारलं तर म्हणाले, "तिथच्या वॉचमनच्या डब्यात ताजी भाजी होती. वॉचमन ताजं खाते थ्या जागी मालक कसाही असो, काम बरोबर असते." काकीचा डोळा उत्तम झाला, त्यामुळे हा सिद्धांत खोडता येत नाही. काकीचं मात्र एक दुखणं आहे, ते ती येईल त्या पाहुण्याला सांगते: "मले पाहाले आलते तं आधी आमची विहीर पाह्यली बाप्पा. पसंती विहिरीची झाली, मी तिच्यासोबत आली." काका यावर कधी भांडत नाहीत. "पाणी गोड होतं," एवढंच म्हणतात.

तर आता त्या गच्चीकडे येतो. मागच्या वर्षी आमच्या ठेकेदाराने, त्याला आम्ही शेठ म्हणतो, मला बाजूला घेतलं. नागपूरच्या एका मोठ्या इमारतीचं फरशीचं काम त्याला मिळायचं होतं, आणि ते काम पाहायला कायमचा एक माणूस तिथे हवा होता. तिथला साहेब यवतमाळला येणार होता, माणूस बघूनच हो म्हणणार होता. ज्याच्या हाती काम, त्याला राहायला जागा मिळणार होती. माझी बायको आणि मुलगी चार वर्षं गुहागरला होत्या. मुलगी फोनवर मला 'अहो बाबा' म्हणायला लागली होती, पाहुण्याला म्हणावं तसं. ती जागा मिळाली तर दोघींना आणता येणार होतं. मी लगेच हो म्हणालो. मग शेठ म्हणाला, "सहाव्या माळ्यावर नवा रूफटॉप बार खुललाय न, तिथं भेटाचं हाय. सायंकाळी सहाले. जरा नीट ये."

मी दारू पीत नाही. इंग्रजी कार्ड वाचता येत नाही. खुर्ची अशी उंच असते म्हणतात की पाय लोंबकळतात. तिथे मी काय मागणार, कसा बसणार? हातातला चमचा पडला तर साहेब म्हणेल, याच्या हाती फरशी कशी द्यायची. दोन रात्री झोप नाही. शेवटी ठरवलं, पोट बिघडल्याचं कळवायचं. हे काकांना सांगितलं तर ते उडालेच. "न पाहताच नाही म्हणून राह्यला? जागा जायच्या लायकीची हाय का नाही थे आधी पाहा लागते. मी जाऊन येतो." काकी आतून ओरडली, "या वयात बारमंदी चालले! लोक काय म्हणतीन?" काका टोपी नीट करत म्हणाले, "मी बसाले नाही चाललो. पाहाले चाललो."

भर दुपारी तीन वाजता, पांढरा पायजमा, पांढरी टोपी आणि पिशवीत तांब्या असे काका सहा मजले चढून गेले. लिफ्ट होती. पण लिफ्टमध्ये बसलं की जागा कळत नाही, असं त्यांचं मत. साडेचारला परत आले, ओसरीवर बसले, मला समोर बसवलं आणि अहवाल दिला. "पाणी गोड हाय, टाकीतलं पेलो. चाऱ्याचं काही खरं नाही. दाणे, पापड आन कायचेतरी बारके तुकडे, थ्याले काड्या टोचून ठेवतेत. घरून जेवून जाय. वाटा तीन. एक लिफ्ट, दोन जिने. मागचा जिना खोक्यांनं अडवला होता, मी उचलाले लावले."

"त्यांनी उचलले?"

"न उचलून सांगतेत कोणाले! कंडक्टर होतो मी. आन आईक, उत्तरेकडच्या कोपऱ्यात कुंड्या हायेत, तिथं बसू नको. तांब्या ओतला तं सारं पाणी तिकडंच गेलं. फरशी कोण बसवली काय मालूम."

मी घाबरत विचारलं, "आणि दारू, काका?"

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "थे तं पाहाचीच राह्यली." बार पाहायला गेलेला आणि दारू सोडून सगळं पाहून आलेला हा जगातला पहिलाच माणूस असावा. मग उठता उठता ते म्हणाले, "वरून सारं यवतमाळ दिसते. आर्णी रोड दिसते, तिकडं नागपूरचा रोडही दिसते. वाट हाय पोरा. जाय."

दोन दिवसांनी मी गेलो, घरून जेवून. इस्त्रीचा शर्ट काकीने दिला, काकांचाच होता, खांद्यात सैल. ऊन अजून उतरायचं होतं. साहेब शांत, चष्म्यातला माणूस. शेठ त्याच्यासमोर सारखा हसत होता. वेटरने कार्ड दिलं, मी ते हातात धरून मान हलवत राहिलो आणि शेवटी म्हणालो, "मला पाणी." साहेबाने काही विचारलं नाही. मग पायाखाली बोट दाखवून म्हणाला, "नागपूरच्या गच्चीवर अशीच फरशी टाकायचा विचार आहे. तुम्हाला कशी वाटते?"

शेठने माझ्याकडे डोळे वटारले. 'चांगली' म्हण, असा त्याचा अर्थ होता. 'चांगली' म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. माझ्या डोळ्यांसमोर बायको आणि मुलगी एका खोलीत उभ्या होत्या, आणि त्या खोलीचं दार माझ्या त्या एका शब्दावर उघडायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आला. पण काकांचा तांब्या पाहून आला होता, मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तोंड उघडत नव्हतं. मी उठलो आणि ग्लासातलं पाणी जमिनीवर ओतलं.

वेटर धावत आला. "अहो भाऊ, काय करून राह्यले! परवा एक म्हातारबा येऊन हेच करून गेले, आता तुम्ही!"

पाणी सावकाश निघालं. साहेबाच्या बुटाखालून गेलं, त्याने पाय वर घेतले, आणि ते उत्तरेच्या कोपऱ्यात कुंड्यांखाली जाऊन थांबलं. पाणी बाहेर जायचा पाइप दक्षिणेला होता. शेठचं हसू पुसलं गेलं. साहेब म्हणाला, "किती दिवस टिकेल?" मी म्हटलं, "दोन पावसाळे, साहेब. मग खालच्या छताला ओल येईल. ढाळ उलटा काढलाय, उतार पाइपाकडे हवा होता." आणि मग राहवेना म्हणून खरं ते सांगून टाकलं, "हे मी नाही शोधलं. आमचे काका परवा पाहून गेले."

"म्हणजे म्हातारबा तुमचे?"

"माझे घरमालक. म्हणजे... हो, माझेच."

साहेब हसला. शेठकडे वळून म्हणाला, "माणूस ठीक आहे. काका सोबत येणार असतील तर आणखी बरं."

घरी येऊन सांगितलं तेव्हा काकीने साखर हातावर ठेवली आणि डोळे पुसले. तो मोतीबिंदूचा डोळा आधी भरून येतो, दुसरा मागाहून. काका मात्र बारीक चौकश्या करत बसले. खुर्ची कशी होती, मागच्या जिन्यावर खोके परत ठेवले का. मी म्हटलं, "काका, तुम्ही चला ना एकदा माझ्यासोबत, त्या गच्चीवर. नुसतं बसू." ते म्हणाले, "पुढं जाणारा माणूस थांबत नाही रे. थो पाहून येते आन मागच्यांले सांगते." हे बोलताना ते माझ्याकडे न बघता तांब्या घासत होते. नागपूरचा रोड वरून दिसतो, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. त्या रस्त्याने कोण जाणार, हे त्यांना सहा मजले उतरतानाच कळलं असणार.

नागपूरला मिळालेल्या खोलीची फरशी मीच बसवली. बायको आणि मुलगी यायच्या आदल्या दिवशी मी एकटा तिथे गेलो, अर्थात पाहणीला. फाटकाशी वॉचमनचा डबा बघितला. मेथीची भाजी होती, ताजी. दारात उभा राहून तांब्याभर पाणी ओतलं आणि काकांना फोन लावला.

"कोणीकडं गेलं?" त्यांनी विचारलं. नमस्कार-चमत्कार काही नाही.

पाणी माझ्या पायांपासून निघालं होतं आणि एका रेषेत, कुठेही न रेंगाळता, थेट मोरीत गेलं होतं.

"लांब गेलं, काका."

तिकडे तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं झालं. मंग राह्य तिथंच."

वीस वर्षं मी फरशी बसवतो आहे. ढाळ थोडा चुकायला हवा होता, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.