दही न मोडणारी गाडी

गाडी घ्यायला निघालेला माणूस खिशात आधारकार्ड घेऊन शोरूमात जातो, फार तर सोबत एखादा जाणता मित्र नेतो. दह्याचं गाडगं घेऊन जाणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू असावा हे माझ्याच नशिबी होतं. थोरले साडू. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मी त्यांना दादा म्हणतो, आणि ते मला, शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी, मास्तरच म्हणतात.

दादांना निवडण्याचा रोग आहे. एकदा गोऱ्हा घ्यायचा होता, तर इतके बाजार हिंडले, इतक्यांदा खूर, वशिंड, भोवरे तपासले, की यांची पसंती होईपर्यंत त्या गोऱ्ह्याचा बैल झाला आणि दुसऱ्याच्या दावणीला गेला. बॅटरी घेताना यांनी भर दुपारी दुकानदाराला शटर ओढायला लावलं. आत अंधार केला, उजेड भिंतीवर पाडला, आणि पंधरा मिनिटांनी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मधी काळा ठिपका पडून राहिला." तो दुकानदार अजून मला रस्त्यात दिसला की नमस्कार करायच्या ऐवजी हात जोडतो. आक्का हे सगळं पदराआड हसत ऐकायची आणि म्हणायची, "मला बघाया आले तवा चहा गार व्हायच्या आत व्हय म्हनले. जल्मात तेवढीच एक घाई केली त्यायनी."

त्या आक्काच्या किडन्यांनी काम सोडलं. आठवड्यातून दोनदा हिंगोलीला डायलिसिस सुरू झालं, आणि तिथून ही गाडीची गोष्ट सुरू झाली. दादांचा आखाडा आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढं आहे. आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात, कुणी कुस्त्या खेळत नाही तिथं. डांबरी सुटली की तीन किलोमीटर पांदण, आणि तीही कशी, तर दगड जास्त आणि रस्ता कमी. मधे एक ओढा. जीप पांदणीत घुसत नाही, आणि गोरेगावच्या फाट्यावर जीप भरेपर्यंत बसून राहायची ताकद आक्कात नव्हती. राहिली दादांची जुनी मोटरसायकल. जाताना निभायचं. येताना, रक्त धुऊन पिळून काढलेलं ते शरीर घेऊन पांदणीत शिरलं की आक्का दादांच्या शर्टाची पाठ मुठीत धरायची. घरी येऊन शर्ट काढला की दादा पाठीवरच्या चुण्या बघत आणि आज तिला किती दुखलं ते ओळखत.

मी म्हणालो, हिंगोलीत आमच्या शेजारी खोली बघतो. आक्का माझ्यावरच उलटली. "अन् माझ्या शेळ्या काय तुमी सांभाळता, मास्तर? आठवड्यातले दोन दिवस सुईला दिले मी. बाकीचे पाच तर माझे ऱ्हाऊ द्या." तेव्हा दादांनी ठरवलं, डांबरीवर पळंल आणि पांदणीत आक्काला कळणारही नाही अशी नवी मोटरसायकल घ्यायची. मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. कुठला तरी गोरा माणूस डोंगरातून उड्या मारत गाडी नेतोय आणि इंग्रजीत बोलतोय. मी विचारलं, काही कळतं का? "बोलणं काहून कळाया पाहिजे? मी शॉकअपकडं बघून राहिलो." असल्या गाड्यांना त्यांनी नावही ठेवलं होतं, दुपिकी गाडी. खरिपातबी पिकती अन् रब्बीतबी.

दह्याची युक्ती सुचली ती आमच्याच ओसरीवर. आक्कानं बहिणीसाठी गाडग्यात दही लावून पाठवलं होतं, ढेकूळ निघावं असं घट्ट. दादा ते मागच्या सीटला बांधून घेऊन आले. फडकं सोडलं तर आत नुसतं पाणी आणि कण्या. बायको म्हणाली, असू द्या दादा, ताक करते. पण दादा गाडग्यात बघत उभेच राहिले. मग मला म्हणाले, "मास्तर, दह्याचं हे झालं, तर तिचं आतून काय होत आसंल?" मी पस्तीस वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण त्या दिवशी मी चहाचं बघतो म्हणून उठून आत गेलो.

त्यानंतर जिथं जिथं ट्रायल, तिथं तिथं गाडगं. आणि गाडगं धरायला मी! हिंगोलीच्या शोरूमातला पोरसवदा विक्रेता मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "काका, ही साहसाची गाडी आहे." दादा म्हणाले, "साहस गाडीला करायचं न्हाई बाबा, मागं बसणाऱ्या बाईमाणसाला करायचंय. साडी गार्ड दाखीव." त्यानं दाखवलेली पट्टी दादांनी दोन बोटांनी मोजली आणि "ह्यात साडी काय, रुमाल आडायचा न्हाई" असं म्हणून माझ्याकडं वळले, "मास्तर, बसा. न्हाई न्हाई, तसं न्हाई. एका बाजूनं बसा. ती तशीच बसती." झालं! भर रस्त्यावर मी, निवृत्त मुख्याध्यापक, दोन्ही पाय एकीकडं टाकून, मांडीवर दह्याचं गाडगं घेऊन गेलो. माझे दोन माजी विद्यार्थी पानटपरीवर उभे होते. त्यांनी वाकून नमस्कार केला, पण खांदे हलत होते मेल्यांचे. गावाबाहेर मुरमाच्या खाणीकडं गाडी घातली, खड्डे बघून बघून त्यात उतरवली, आणि परत येऊन दादांनी फडकं सोडलं. "मोडलं."

अशा किती गाड्या झाल्या! एका गाडीवर दही जसंच्या तसं राहिलं, मी तर टाळी वाजवली, पण सीट आक्काच्या बरगडीला येत होती. "आखाड्यावर चढाया मी दगडाचा ओटा बांधीन, पण दवाखान्यापुढं मला कोण ओटा बांधू देणार?" एकीचा सायलेन्सर वर, तिच्या पायाला चटका बसंल. एक बुटकी होती, सोयीची होती, तिच्यावर दह्याला पाणी सुटलं. नांदेडला जाऊन आलो, तिथंही तेच. महिन्यांमागून महिने गेले आणि आक्का त्याच जुन्या गाडीवर जात-येत राहिली. शेवटी माझं डोकं फिरलं. आखाड्यावरच, आक्कासमोर मी ओरडलो, "अहो, कुठली तरी घ्या की एकदाची! दही घ्यायला निघालाय की गाडी?"

"कुठली तरी घेऊन कसं चालंल, मास्तर?" दादा अगदी शांतपणे म्हणाले. "कुठली तरी तर आजबी हायेच." आणि शेळ्यांना पाणी पाजायला निघून गेले.

आक्का बाजेवर पडली होती. हाताच्या शिरा सुयांनी सुजलेल्या. तिनं मला जवळ बोलावलं. "रागावू नका त्यायला. माझ्या दुखण्यात त्यायला करता येण्याजोगं दुसरं काय हाये? डाक्टर बोलतात ते समजत न्हाई, मशीन समजत न्हाई. गाडी समजती. बघू द्या." मग जरा हसली. "मलाबी बरं वाटतं वो. संध्याकाळी येऊन सांगतात, आज अमकी बघितली, तिची सीट अशी, तिचं चाक तसं. माझ्यासाठी येवढं कुणी काय निवडलं न्हाई आजपातूर."

मी त्यानंतर कधी ओरडलो नाही. आणि मग गाडी मिळाली. दादा सकाळीच आमच्या दारात, हातात गाडगं, चेहरा बारशाला आल्यासारखा. "मास्तर, बोट घाला! घाला तर खरं!" दह्यावर नुसती साय हलत होती. सगळ्या पांदणीतून, ओढ्यातून आणलं होतं ते. सीट बेताची, शॉकअप मऊ करून घेतलेला, वेल्डिंगवाल्याकडून साडी गार्ड आणि पाय ठेवायला रुंद पट्टी बसवून घेतलेली. येत्या डायलिसिसला आक्का तिच्यावर बसणार होती. बायकोनं दोघांना जेवायला बोलावलं, पुरणाची डाळसुद्धा भिजत घातली.

आदल्या दिवशी आक्काला ताप चढला. नांदेडला नेली. चौथ्या दिवशी ती गेली.

शववाहिका डांबरीवरच थांबली. सरण आखाड्यावरच रचलं होतं, आणि पुढं पांदण. भावकीतल्या चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली, आणि दादा मडकं धरून पुढं चालायचं सोडून मागं वळून वळून सांगायला लागले, "डावीकडून घ्या. इथं दगड वर आलाय. हळू. आता उतार हाये, पुढच्यांनी वर धरा." त्या तीन किलोमीटरातला एकही खड्डा त्यांनी सोडला नाही. खांदा देणाऱ्यांपैकी एकजण दमला होता, तो बोलून गेला, "दादा, आता तिला काय दुखतंय?" दादा थांबले. त्याच्याकडं असे बघत राहिले, की तो बोलतोय ती भाषाच त्यांना येत नसावी. "हळू चाल बाबा," एवढंच म्हणाले. मग सगळे हळू चालले. मीही खांदा दिला. उन्हात तास दीड तास लागला, पण धक्का कुणी बसू दिला नाही.

मागच्या महिन्यात मी आखाड्यावर गेलो होतो. शेळ्या आहेत, निम्म्या विकल्या. निघताना दादा म्हणाले, डांबरीपर्यंत सोडतो. मी मागं बसलो. गाडी खरंच चांगली आहे हो, दगडावरून जाते तरी कळत नाही. तेवढ्यात पुढं बघतच त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमी म्हनले व्हते, कुठली तरी घ्या. घ्यायला पाहिजे व्हती का?"

घेतली असती तर आक्काचे काही महिने सुखाचे गेले असते, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. रोज संध्याकाळी बाजेवर पडून गाड्यांच्या गोष्टी ऐकताना ती कशी हसायची ते मी सांगायला लागलो.

ओढ्याशी दादांनी गाडी स्टँडला लावली. "उतरा. इथं मी तिला उतरवायचो. पाण्यात गाडी घसरली तर म्हणून. हात धरून पलीकडं न्यायचो, अन् मंग गाडी आणायचो." पाणी घोट्याएवढंच होतं, मी उडी मारूनही गेलो असतो. पण त्यांनी हात पुढं केला होता. मी तो धरला. दोघं म्हातारे पाऊल चाचपत पलीकडं गेलो, आणि पलीकडं गेल्यावर गाडी आणायला मागं फिरायचं त्यांच्या बराच वेळ ध्यानातच आलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.