‘लू’ मान्य झाली ती दुपार

गेल्या वर्षी गणपतीत, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, आमच्या आत्याने ‘लू’ हा शब्द मराठी म्हणून मान्य केला. शब्द वहिनीने सांगितला होता. हरकत आत्याचीच होती.

आमचं घर महाराष्ट्रापासून दूर, उत्तरेत, गंगेवरच्या संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत आहे. गणपतीच्या दिवसांत जेवणं उरकली की खालच्या खोलीत सतरंजी पडते आणि शब्दांच्या भेंड्या सुरू होतात. एकाने शब्द सांगायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढच्याने. गाणी नाहीत, फक्त शब्द, आणि तेही मराठी. दाराबाहेर सगळं हिंदी आहे: दूधवाला, शाळा, दादाची बँक. मीही हिंदी वर्तमानपत्रात बातम्या तपासतो. मराठी घरात बोलायची, म्हणून हा खेळ.

कोणता शब्द मराठी, हे ठरवणं मात्र सोपं नव्हतं. माझ्या लहानपणी पुण्याहून आलेले एक पाहुणे खेळायला बसले आणि त्यांनी ‘ताखा’ बाद केला. भिंतीतल्या कोनाड्याला आम्ही ताखाच म्हणतो. तो हिंदी आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. पाहुण्यांनी शब्दकोश मागितला. आजोबा म्हणाले की आमचा दिवा रोज ताख्यात लागतो, शब्दकोशात नाही.

पाहुणे गेल्यावर आजोबांनी नियम केला. हरकत आली तर दाखला द्यायचा: घरातल्या कोणत्या मोठ्या माणसाने, मराठी बोलताना, तो शब्द कोणाला म्हटला. वाक्य सांगता आलं आणि पटलं, तर शब्द चालतो. दोनदा दाखला देता आला नाही की माणूस बाद. जो पहिला बाद होईल त्याने सगळ्यांचा चहा करायचा.

आजोबांनंतर निकाल आत्या देऊ लागली. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि तिच्या निकालावर अपील नसे. दादाचा आजोबांच्या नावावर वाक्यं खपवण्यात हातखंडा होता. एकदा ‘फटफटिया’ या शब्दासाठी त्याने दाखला दिला की आजोबा त्याला म्हणाले होते, माझी फटफटिया पुसून ठेव. आजोबांनी कधी सायकलही चालवली नव्हती.

“वर गेल्यावर घेतली असेल,” आत्या म्हणाली, आणि शब्द बाद केला.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, नदीपलीकडच्या रामनगरची. माहेरी भोजपुरी आणि हिंदी. मराठी ती आमच्या स्वयंपाकघरात शिकली. ती लग्न होऊन आली तेव्हा आजोबा-आजी नव्हते, आमचे आईवडीलही नव्हते. आम्ही ज्यांचे दाखले देत होतो त्यांपैकी एकालाही तिने बोलताना ऐकलं नव्हतं. त्यामुळे दरवर्षी तीच सर्वांत आधी बाद व्हायची आणि चहाला उठायची. कोणी मुद्दाम केलं नाही. नियम सगळ्यांना सारखा होता.

त्या दिवशी सकाळी अळूची पानं चिरताना ती मला म्हणाली की आता ती खेळायला बसणार नाही, चहा करून आणेल तेवढा. आदल्या दुपारी ती बाद झाल्यावर तिची मुलगी तिला म्हणाली होती, “मम्मी, तुझं मराठी आपल्या घरचं नाही ना.” माझी ही पुतणी शाळेतून आली की स्वतः हिंदीतच बोलते. वहिनीला ते दिसत होतं, तरी वाक्य लागलं होतं. आजच्या दिवस बस, एवढंच मला सुचलं. ती बसली, पण दाराजवळ.

एक शब्द तिचा लवकरच गेला. मग दादा ‘गुलाल’ म्हणाला आणि पाळी पुन्हा तिच्यावर आली.

“लू,” ती म्हणाली.

“हिंदी,” आत्या म्हणाली. “आपण झळ म्हणतो.”

“दाखला आहे.”

“कोणाचा, मम्मी?” पुतणीने विचारलं. “तू तर कोणाला पाहिलंच नाहीस.”

“आत्यांचा.”

मग तिने सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात ती भर दुपारी रामनगरला निघाली होती. आत्या गल्लीच्या तोंडापर्यंत मागे आली, ओला पंचा तिच्या डोक्यावर टाकला, लू बाधू नये म्हणून इथे देतात तसा एक कांदा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, “डोकं झाक गं, लू लागेल.” हे वाक्य वहिनीने आत्याच्या सुरात म्हटलं.

“मला सगळं समजलेलं ते पहिलं मराठी वाक्य, आत्या. झळ म्हणाला असतात तर समजलं नसतं.”

जिवंत माणसाचा, त्यातही निकाल देणाऱ्याचाच दाखला, यापूर्वी कोणी दिला नव्हता. दादाने तशी हरकत घेतली. मोठं माणूस म्हणजे मेलेलं माणूस असं आजोबा म्हणाले नव्हते, असं सांगून आत्याने त्याला गप्प केलं. नंतर तिने वहिनीला कांद्याचं काय केलंस ते विचारलं.

“आईने भाजीत घातला.”

“शब्द चालतो,” आत्या म्हणाली. “आणि तू तिथे दारात काय बसलीस? अशी पुढे ये.”

वहिनी पुढे येऊन बसली. पुतणी सरकली.

कोण म्हणालं, कोणाला, कशावरून, हे प्रश्न बातम्यांच्या कामात मला नव्याने शिकावे लागले नाहीत. ते या सतरंजीवर फुकट मिळाले. त्याबद्दल मी आजोबांचा आणि आत्याचा ऋणी आहे. त्या दुपारबद्दल वहिनीचा आहे. तोवर आमचे सगळे साक्षीदार तसबिरींत होते.

त्या दिवशी पहिला दादा बाद झाला. चहा त्याने केला. साखर जास्त पडली होती. आत्याने तो पूर्ण प्यायला.

या वर्षी गणपतीत पुतणीने ‘गमछा’ हा शब्द सांगितला. आपण पंचा म्हणतो, अशी आत्याने हरकत घेतली. पुतणीने दाखला दिला: “मम्मी मला म्हणाली होती, काकांचा गमछा आत आण.” आत्याने शब्द मान्य केला.