क्रोटनची माती

माझ्या हातची झाडं जगतातच, असं इथे डहाणूजवळ मसोलीत सगळे म्हणतात. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्या कौतुकाच्या माजातून झालं.

अठरा सालच्या दिवाळीनंतर तलासरीकडे जमीन हलायला लागली. माझा धाकटा भाऊ झरीला राहतो. तिथे मांडणीवरची भांडी दिवसाढवळ्या वाजायची, माणसं अंगणात ताडपत्री बांधून झोपायची. अशाच एका हादऱ्यात खिडकीतली क्रोटनची कुंडी खाली आली आणि तिला उभी चीर गेली. भावजय ती नवऱ्याच्या जुन्या शर्टात बांधून, जीपमध्ये मांडीवर धरून माझ्याकडे घेऊन आली.

"ताई, आमचं घर राहील न राहील. हे तुमच्याकडे असू द्या. फक्त कुंडी बदला. माती तीच ठेवा."

"अगं, चार वर्षांची माती. दगड झाली असेल."

"वरून घाला नवीन. आतली हलवू नका."

कारण तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

चौदा साली ती दोघं डहाणू रोडला दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहायची. मुलगा झाला. सहाव्या दिवशी नाळ गळून पडली. आमच्यात ती अंगणात पुरतात, म्हणजे मूल त्या घराला धरून राहतं. दुसऱ्या मजल्याला अंगण कुठलं? माझ्या आईने ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि खोलीत होती नव्हती त्या एकाच कुंडीत पुरली. बाळंतिणीने बघायचं नसतं, म्हणून भावजयीला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. बारशाआधी दृष्ट लागते म्हणून आईने बाळाचा फोटोही काढू दिला नाही. अकराव्या दिवशी ते गेलं. दोन वर्षांनी आईही गेली. भावजयीकडे त्या मुलाचं म्हणून काय उरलं, तर ही कुंडी.

ती कुंडी ठेवून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या पडवीत गोणपाट पसरलं. कुंडी फोडली. मातीचा गोळा जसाच्या तसा उभा राहिला; मुळं त्याला बाहेरून गोल गोल वेढून बसली होती. बाजूने एक बुरशीचा पट्टा गेला होता. तेवढाच खरवडून गोळा नव्या कुंडीत ठेवला असता, तर झालं असतं. पण मला राहवेना. म्हटलं, झाड जगवायचं तर नीट जगवू. बादलीत बुडवून मी माती सोडवायला घेतली.

मधोमध मुळांची एक गाठ होती, मूठ आवळावी तशी. आत पिशवी. मी ओढली, सुटेना. शेवटी कात्रीने मुळं कापली. कापताना हात थरथरला का? नाही. तेच तर सांगायचं आहे. पिशवी उघडली, आत पाहिलं आणि मला किळस आली. मग मनात आलं, किती वर्षं ही बाई हे उराशी धरून बसणार? दुसरं मूल नको म्हणते, कुंडीशी बोलत बसते. एकदाचं संपू दे. पिशवी, कुजकी मुळं, जुनी माती, सगळं घमेल्यात भरलं आणि मागच्या दाराने जाऊन खाडीकाठी तिवरांत ओतून आले.

नव्या कुंडीत लाल माती, शेणखत, भाताचं तूस घातलं. झाड बसवलं. संध्याकाळी फोन आला, "ताई, सगळं आहे ना तसंच?"

"आहे गं," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवसापासून पानं गळायला लागली. जागा बदलली की क्रोटन पानं टाकतो, हे मी दहा जणींना समजावलेलं होतं. पण हा एकेक पान टाकायचा, तेही घर शांत असताना, आणि फरशीवर टप्प असा आवाज यायचा. अठरा दिवसांत नुसता दांडा उरला. मी तो वाऱ्यापासून आत घेतला, उन्हातून काढला, बोटाने माती चाचपून मगच पाणी दिलं. तीन काड्या रोवून वर पारदर्शक पिशवी चढवली. गुजराती शेजारीण डोकावून म्हणाली, "काय बेन, आयसीयूत ठेवलाय काय पेशंटला?" मी हसले. पिशवीला आतून दव धरलं होतं, कोणी आत श्वास घेत असल्यासारखं.

महिन्याने कोंब फुटले. सगळे एकाच बाजूला, मागच्या दाराच्या. खिडकी समोर, उजेड समोरून. दार तर मी बंदच ठेवत होते. कुंडी फिरवली. आठवड्यात कोंब पुन्हा वळले, दाराकडे. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मग मी फिरवायचं सोडलं.

पानं मोठी झाली तशी ती हलायला लागली. झरीला मोठा हादरा बसला की इथे मसोलीतही पानं थरथरायची आणि मागोमाग भावाचा फोन यायचा. त्याचं काही वाटत नसे. एका दुपारी मात्र पानं बराच वेळ हलत राहिली. पंखा बंद, वारा नाही. मीच भावजयीला फोन लावला.

"हादरा बसला का गं?"

"नाही ताई. आज इथे अगदी शांत आहे. का?"

"काही नाही," म्हटलं आणि फोन ठेवला. पानं हलतच होती.

एकोणीसच्या पावसाळ्यात भावजय झाड न्यायला आली. ते तरारलेलं पाहून तिने मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, "आता कुंडी नको ताई. अंगणात लावते. पण आधी ती पिशवी काढून एकदा हातात घेते. मी कधी बघितलीच नाही." आणि तिने कुंडीत हात घातला.

"थांब," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. कात्री, किळस, घमेलं. फोनवर खोटं बोलले तेही.

ती रडली नाही, ओरडली नाही. "कुठे?" एवढंच विचारलं.

मी मागचं दार उघडलं. भरती होती. तिवरं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि मी दाखवत होते ती जागा दिसतच नव्हती. ती पाण्याच्या कडेला थांबली. चपलांत चिखल शिरला तरी हलली नाही.

"तुम्ही उघडली होती ना? मग बघितलं असेल."

"हो."

"सांगा."

आई गेलेली. ते पाहिलेलं माणूस आता मी एकटीच होते. मी सांगितलं. वाळलेला काळा तुकडा, चिंचेच्या शिरेसारखा. त्याला दवाखान्यात नाळेला लावतात ती पांढरी चिमटी, घट्ट मिटलेली. नखाएवढी दोऱ्याची गाठ.

"केवढा होता?"

मी करंगळीचं पहिलं पेर दाखवलं. तिने माझं तेवढंच पेर मुठीत धरलं. पाणी आमच्या पावलांवर चढत होतं, मी म्हटलं चल आता, पण तिने मूठ सोडली नाही.

"परत सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."