रोमच्या बाजूने आमच्या वन्सं

रोमन साम्राज्य लयाला गेलं असं ठामपणे लिहिणाऱ्या इतिहासकारांपैकी एकालाही आमच्या वन्सं भेटलेल्या नाहीत. ते साम्राज्य शारजात, अल मजाजच्या एका टॉवरमध्ये, खालिद लगूनकडे तोंड करून कितीतरी वर्षं सुखाने नांदत होतं आणि दर रविवारी दुबईत, करामातल्या आमच्या दोन खोल्यांवर चाल करून येत होतं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि जगाच्या सगळ्या इतिहासातून रोमचं सैन्य तेवढं उचलून उराशी धरलं. बायका माहेरच्या माणसांबद्दल बोलतात त्या ओढीने त्या रोमन शिपायाबद्दल बोलत.

"रोमची ताकद तलवारीत नव्हती गं, कुदळीत होती," असं त्या म्हणायच्या. दिवसभर चालून दमलेला शिपाई संध्याकाळी आधी तळाभोवती खंदक खणायचा, कुंपण घालायचा, मगच जेवायला बसायचा. त्यामुळे आमची वाळवंटातली सहलसुद्धा आधी काम, मग बार्बेक्यू अशीच व्हायची. प्रत्येकाने आपलं ओझं आपणच वाहायचं. घरी स्वतःचा चहाचा कप सिंकपर्यंत न नेणारा माझा नवरा खांद्यावर तंबूच्या काठ्या आणि हातात कोळशाची पिशवी घेऊन वाळूतून तुरुतुरु चालायचा. वर चटयांभोवती फावड्याने चर खणून विचारायचा, "ताई, अजून खोल हवा का?" इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला "गॅस बंद करू का?" एवढंही कधी विचारलेलं नाही.

रोमन शिपाई गव्हावर जगायचा, म्हणून वन्सं गव्हाची लापशी करत. साखर नाही, तूप नाही, भिजल्या पुठ्ठ्याची चव. माझ्या वेलची घातलेल्या लापशीला "मम्मा, प्लीज, नो" म्हणणारी माझी लेक ईशा आत्याकडे वाडगा चाटूनपुसून साफ करायची. एकदा आम्ही शारजातल्या रोल्ला बाजारात खरेदी करून बाहेर पडलो आणि धुळीचं वादळ सुटलं. वन्संनी समोरच्या दुकानातून छत्र्या घेतल्या आणि आरोळी ठोकली, "कासव करा!" रोमन तुकडी ढाली डोक्यावर आणि चहूबाजूंनी धरून कासवासारखी पुढे सरकायची म्हणे. तसे आम्ही छत्र्यांचं कवच करून पार्किंगपर्यंत सरकत गेलो. दुकानदार अरबीत "यल्ला, यल्ला!" म्हणजे "चला, चला!" म्हणत टाळ्या पिटत होता, ईशाच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. माझ्याबरोबर ती खरेदीला येते तेव्हा तिच्या कानात इयरफोन असतात. छत्रीखाली वाकून चालताना माझ्या पोटात काय पेटलं होतं ते त्या धुळीत कुणाला दिसलं नाही, एवढंच.

मग ईशाच्या शाळेत वादविवाद स्पर्धा ठरली. विषय रोमन साम्राज्य, आणि तिच्या वाट्याला बाजू आली ती रोमने जिंकलेल्या लोकांची. मला आकाश ठेंगणं झालं. रोमच्या विरुद्ध बोलायचं म्हणजे आत्या बाद, खलास! मेट्रोतून ऑफिसला जाता-येता मी फोनवर सगळे बंडखोर वाचून काढले आणि पोळ्या लाटता लाटता ईशाला सांगायला लागले. रोमच्याच सैन्यात तयार झालेल्या जर्मन सरदाराने जंगलात गाठून रोमच्या तीन फौजा कशा कापून काढल्या, ब्रिटनच्या राणीने शहरंच्या शहरं कशी पेटवली, स्पेनमधल्या एका डोंगरी गावाने शरण जाण्यापेक्षा उपासमार कशी पत्करली.

"मम्मा, आय नो," ईशा म्हणाली. "आत्याने सांगितलंय सगळं. त्या राणीचं सांगताना ती रडली पण होती."

म्हणजे शत्रूसुद्धा बाईंनी माझ्यासाठी शिल्लक ठेवले नव्हते!

रविवारी आमच्या हॉलमध्ये तालीम झाली. वन्सं रोम झाल्या. खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला रस्ते दिले, पाणी दिलं, कायदा दिला. तक्रार कसली?" ईशा अडखळली. कागद चाळू लागली. आणि स्वयंपाकघराच्या दारातून मीच बोलून गेले.

"तुम्हाला बोलावलं होतं कुणी? रस्ते चांगले आहेत हो तुमचे, पण त्याच रस्त्यांनी आमचीच माणसं उठून तुमच्याकडे जातात! आमची पोरं तुमची भाषा बोलतात, तुमच्या हातचं मागून खातात, तुमच्या गोष्टींना हसतात. आणि आम्ही घरात असतो, तर आमच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही!"

हातातलं लाटणं वर गेलं होतं ते मी हळूच खाली घेतलं. नवरा टीव्हीकडे बघत होता. टीव्ही बंद होता. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मग ईशाला म्हणाल्या, "ते कागद ठेव बाजूला. आई म्हणाली तेच बोल, तुझ्या शब्दांत." माझी जळजळ त्यांना कळली होती, हे मला कळलं.

ईशाला दुसरं बक्षीस मिळालं. ते रस्त्यांचं वाक्य आलं तेव्हा सभागृहात सर्वांत आधी टाळी वाजली ती वन्संची. शेजारच्या अनोळखी बाईंना त्या हिंदीत सांगत होत्या, "ये मेरी भाभी का पॉइंट है. बहुत हुशार है वो." मला धड रागावताही येईना.

त्याच उन्हाळ्यात शाळेने वन्संना निवृत्त केलं. नोकरी संपली की व्हिसा संपतो, हे इथे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आम्ही चौघांनी मिळून त्यांचं सामान बांधलं. त्या चिपळूणला चुलतभावांच्या शेजारी राहायला गेल्या. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. ईशा फोन घेऊन खोलीत जाते, दार लोटते, आतून हसण्याचे आवाज येतात, आणि मी कणीक जरा जास्तच जोरात मळते.

परवा मात्र ईशा बाहेर आली आणि तिने फोन माझ्या हातात दिला. "आत्या वॉन्ट्स यू."

पडद्यावर वन्सं होत्या, मागे पावसाने ओलं झालेलं अंगण. थोड्या वाळल्यासारख्या वाटल्या.

"इथे सगळे मान देतात गं," त्या म्हणाल्या. "काहीही बोललं तरी हो हो म्हणतात. कुणी भांडतच नाही माझ्याशी. तू तरी भांड."

मी तोंड उघडलं. आयुष्यभराचा साठा होता माझ्याकडे, पण त्या क्षणी त्यांच्याशी भांडायला मला काही म्हणता काही सापडेना.